उपाशी बशीचं पाणी

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ वीस वर्षं दहा मिनिटं पुढे होतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. सूनबाई लग्न होऊन घरात आली आणि तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून तिने काटा मागे घेतला. मी म्हटलं, "अगं, राहू दे, आम्हाला सवय आहे त्याची." ती वरूनच म्हणाली, "बाबा, सवय तुम्हाला आहे ना? मग घड्याळाने का खोटं बोलायचं?" पुढचा महिनाभर मी मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करत राहिलो आणि जिथे जाईन तिथे उशिरा पोचलो. पण घड्याळ तेव्हापासून बरोबर आहे.

ही बाई कुठल्याही कागदावर उगाच सही करणार नाही, हे मला त्या स्टुलापाशीच कळायला हवं होतं.

मी शिकलो गावच्या शाळेत. एक मास्तर आणि चार वर्ग एकाच खोलीत, त्यामुळे दुसरीत असतानाच मी चौथीचं अर्धं ऐकून ठेवलं होतं. सातवीनंतर पान्हा हातात आला तो चाळीस वर्षांनी बस डेपोच्या कार्यशाळेतच खाली ठेवला. सूनबाई काम करते ती इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तिचं काम लोकांना सांगायची मला भारी हौस.

"माझी सून पेशींना जेवू घालते," मी सांगतो.

"म्हणजे खानावळ आहे तिची?" शेजारचा शिंपी विचारतो. गेली सहा वर्षं तो हेच विचारतोय आणि मी सहा वर्षं नव्याने समजावतोय. दोघांचाही वेळ बरा जातो.

तर ती खरंच जेवू घालते. माणसाच्या कातडीचा डाळीएवढा तुकडा घेतात, त्यातल्या पेशी झाकणाच्या पातळ बशीत वाढवतात. बशा ठेवायच्या कपाटात अंगाइतकीच ऊब असते. पेशींचं जेवण म्हणजे गुलाबी पाणी, त्यात प्रथिनं आणि काय काय घातलेलं. पाणी पिवळट पडलं की समजायचं, जुनं झालं, काढा आणि ताजं घाला. सूनबाईचे हात इतके हलके की बशीतल्या पाण्यावर लाट उठत नाही. घरी मात्र ती चहाचा कप असा आदळते की बशी दोनदा नाचते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दिवसभराचं हळू संपवून येते मी, बाबा. घरी आणायला उरतच नाही."

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात तिने एक घोळ घातला, आणि तोच पुढे तिच्या गळ्यात घंटेसारखा बांधला गेला.

काही बशांच्या झाकणावर 'उपाशी' असं लिहिलेलं होतं. त्यांना जेवण द्यायचं नव्हतं, नुसतं मिठासाखरेचं पाणी, आणि तेही मुद्दाम. उपाशी ठेवल्यावर पेशी काय करतात हेच तर बघायचं होतं. पण हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशी आकसलेल्या, तिला वाटलं कुणीतरी विसरलं आणि वर निर्लज्जासारखं झाकणावर लिहूनही ठेवलं! बाईंनी सगळ्या बशांना पोटभर जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी तीन आठवड्यांचं काम पाण्यात.

तिथल्या प्रमुखांना सगळे फूटपट्टी म्हणतात, अर्थात पाठीमागे. चालणं सरळ, बोलणं सरळ, वहीतली रेघ पट्टीशिवाय मारायची नाही. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, ही प्रयोगशाळा आहे. खानावळ नव्हे." झालं! तेव्हापासून तिचं नाव पडलं खानावळबाई.

त्या दिवशी ती घरी आली आणि चहाचा कप आदळला नाही. हळूच ठेवला. मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

सगळं ऐकल्यावर मी तिला आमच्या कार्यशाळेतली एक रीत सांगितली. गाडीतून जो भाग काढला, तो लगेच फेकायचा नाही. तारेला चिठ्ठी बांधायची, गाडीचा नंबर, तारीख आणि दोन सह्या: एक काढणाऱ्या फिटरची, एक गाडी नेणाऱ्या ड्रायव्हरची. गाडी रस्त्यावर चालून परत येईपर्यंत तो भाग खोक्यात राहणार. कारण उद्या गाडी घाटात अडली की ड्रायव्हर म्हणतो, फिटरने चांगला भाग काढून घेतला. मग भांडत कशाला बसायचं? खोकं उघडायचं आणि भाग त्याच्या हातात द्यायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि ड्रायव्हरची सही कशासाठी?"

"आपल्याच सहीवर कोण विश्वास ठेवतं, सूनबाई?"

दुसऱ्या दिवसापासून तिने खोकं सुरू केलं. बशीतून काढलेलं जुनं पाणी सगळे ओतून देतात. ही बाई प्रत्येक बशीचं थोडं पाणी बोटाएवढ्या नळीत भरायची, बशीचा नंबर, तारीख, वेळ लिहायची, स्वतःची सही करायची. दुसरी सही शेजारच्या खोलीतल्या दुर्बीणताईची. ही दुर्बीणताई अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसते, बशी तिच्याच हातात जाते, म्हणून ड्रायव्हर ती. नळ्यांचं खोकं बर्फाच्या फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात. निकाल वहीत चढला, प्रमुखांची सही झाली, की मगच ते पाणी फेकायचं.

फूटपट्टींना पहिल्या महिन्यातच ते दिसलं. "हे काय?"

"जुनं पाणी, सर."

"सांडपाणी जपून ठेवणारी बाई पहिल्यांदाच पाहतोय. जागा अडते. फेकून द्या."

"बरं, सर," ती म्हणाली, आणि खोकं वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात हलवलं. मला सांगताना म्हणाली, "बाबा, मी फेकते असं म्हणाले नाही. बरं म्हणाले."

आता उपाशी ठेवून पेशी करतात काय, ते सांगतो. हे मी शिंप्यालाही असंच सांगतो, त्यामुळे पाठ आहे.

आमच्या डेपोत एका वर्षी सुटे भाग येणंच बंद झालं. वरून काही मिळेना. तेव्हाच्या व्यवस्थापकाने आवारातल्या एका कोपऱ्याला दोर लावला आणि मोडक्या गाड्या तिथे ओढून घेतल्या. त्या उघडायच्या, जे चालतंय ते काढायचं, धुवायचं, दुसऱ्या गाडीला लावायचं. त्या वर्षी आम्ही एकही फेरी चुकवली नाही. उलट गाड्या आधीपेक्षा बऱ्या धावल्या, कारण इतके दिवस आवारात सडत पडलेला कचराही गेला. पेशीचं हुबेहूब हेच. तिच्या पोटातही यंत्रं असतात, ती झिजतात, मोडतात. पेशी काय करते, मोडक्या तुकड्याभोवती एक पिशवी विणते. ती पिशवी आंबट रसाच्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते, तुकडा विरघळतो, आणि त्यातून सुटलेला माल पेशी पुन्हा नवं बांधायला वापरते. हे काम रोज थोडंथोडं चालूच असतं. पण बाहेरून जेवण बंद झालं की पेशी खडबडून जागी होते आणि कोपऱ्यातल्या मोडीवर तुटून पडते.

पुढे आमच्याकडे नवा व्यवस्थापक आला. त्याने हुकूम काढला की मोडक्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, आहे तशी ठेवायची. सहा महिन्यांत आवार इतकं भरलं की धडधाकट गाडीलाही वळायला जागा उरली नाही. एक तर फाटकातच अडकली. ना आत, ना बाहेर! सूनबाई म्हणते, काही आजारांत असंच होतं. पिशव्या विणल्या जात नाहीत, नाहीतर विणल्या जातात पण रसाला मिळत नाहीत. कातडीची पेशी जुनी झाली तर नवी येते. मेंदूतल्या आणि नसांतल्या पेशी मात्र जन्मभर त्याच, त्यांच्यात कचरा साचत राहतो. मग हात थरथरतो, चाल बिघडते, आठवण जाते.

"म्हणजे ही मोडतोड जितकी जास्त तितकं चांगलं?" मी विचारलं होतं.

"नाही हो बाबा. पान्हा चोराच्याही हातात चालतो. कर्करोगाच्या काही पेशी हीच युक्ती वापरून तग धरतात."

मी आपला अर्धंच ऐकणारा. दुसऱ्या दिवशी गुपचूप सकाळचं जेवण टाळलं, म्हटलं आपलाही कोपरा साफ होईल. दुपारी घेरी येऊन शिंप्याच्या दुकानात बसलो. संध्याकाळी सूनबाईने असं सुनावलं की शिंपी दुकान बंद करून आत गेला. "साखरेच्या गोळ्या घेता आणि डॉक्टरला न विचारता उपाशी राहता? बशीत पेशी असतात, बाबा, सासरे नसतात!"

असो. आता मूळ गोष्ट, एका मुलीची.

नऊ वर्षांची. पाच वर्षांपर्यंत धावत होती, मग धडपडायला लागली, मग जिना चढताना कठडा धरायला लागली. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी. मुलगी बारीक, पाय काटक्यांसारखे. घरात सासू आणि जावा एकच टुमणं लावायच्या, आई खायला घालत नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी बघते. ती बिचारी अंडी खायला घालत होती, दूध पाजत होती, रात्रंदिवस घास भरवत होती. इस्पितळातल्या डॉक्टरांना शंका आली ती वेगळीच. त्यांनी मुलीच्या दंडाच्या कातडीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला.

दर बुधवारी ती आई इस्त्री संपवून प्रयोगशाळेच्या जिन्यात येऊन उभी राहायची. आत यायची परवानगी नव्हती. सूनबाई पाणी भरायला बाहेर आली की विचारायची, "ताई, वाढल्या का हो?"

"वाढतायत. हळू वाढतायत."

"जेवतायत ना?"

"पोटभर."

"बघा, तुमच्या हातचं तरी जेवतायत," ती म्हणायची आणि खाली जायची.

पेशी खरंच हळू वाढल्या. कशाबशा सहा बशा झाल्या. तीन जेवणाऱ्या, तीन उपाशी. त्यांच्या शेजारी एका धडधाकट माणसाच्या पेशींच्या सहा बशा, त्याच बाटलीतलं पाणी, त्याच वेळी. चार तासांनी पाणी काढलं, नळ्या भरल्या, दोन सह्या झाल्या, आणि बशा दुर्बीणताईकडे गेल्या. पिशव्या हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकतील असा रंग त्यांना दिलेला असतो. ठिपके मोजायचे. धडधाकट माणसाच्या जेवलेल्या पेशीत चार-पाच ठिपके, उपाशी पेशीत पन्नासच्या घरात. जसं हवं तसं.

मुलीच्या जेवलेल्या पेशीत चार. उपाशी पेशीत पाच.

दुर्बीणताईने तीनदा मोजले. पाचच.

फूटपट्टींनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि सूनबाईला बोलावलं. "बाई, तुम्ही यांना जेवू घातलंत."

"नाही, सर."

"हे आकडे जेवलेल्या पेशींचे आहेत."

"आकडे जेवलेल्यांसारखे आहेत, सर. पेशी उपाशी होत्या."

"तुमचं त्या आईशी जिन्यात बोलणं चालतं, हे मला ठाऊक आहे. तुमचा जीव गुंतला. चूक माणसाकडूनच होते. आणि तुमच्याकडून ही चूक आधी झालेली आहे."

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. एकदा पाय घसरला की माणूस जन्मभर निसरड्यावरच उभा आहे असं लोक धरून चालतात.

त्यांनी लाल शाईने वहीत तिच्या ओळीपुढे लिहिलं: 'हाताळणीत चूक. निकाल ग्राह्य नाही.' आणि एक छापील कागद पुढे केला, चूक मान्य असल्याचा. खाली तिच्या सहीची जागा. गुरुवारच्या बैठकीपर्यंत सही करून आणा, म्हणाले. कागद आला की मुलीची फाईल 'निकाल नाही' म्हणून डॉक्टरांकडे परत.

"मग पुन्हा करू या ना, सर. दुसऱ्या कुणाच्या हातून करा."

पण कशाचं करणार? बशा संपल्या होत्या. राखून गोठवलेल्या दोन कुप्या होत्या, त्या वितळवल्या तर पेशी उठल्याच नाहीत. पुन्हा करायचं तर मुलीचा पुन्हा तुकडा काढायचा, आणि तिच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता एक ओरखडाही नाही. म्हणजे सही झाली की गोष्ट तिथेच बंद. मुलगी पडत राहणार आणि आई ऐकत राहणार.

सूनबाईने कागद घडी करून पिशवीत टाकला आणि घरी आणला. त्या संध्याकाळी चहाचा कप आदळला, बशीला चीर गेली. मला बरं वाटलं.

आमचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. स्वभावाने लोणी. तो म्हणाला, "अगं, करून टाक सही. एका सहीने काय होतं? साहेबाचाही मान राहील. नोकरी राहील."

"अहो, उद्या कुणी म्हणालं तुम्ही चुकीच्या नंबरची काच घासली, तर कराल सही?"

"घासली नसेल तर नाही करणार."

"मग?"

"पण मी आधी कधी चुकीची घासलेली नाही ना," तो बोलून गेला, आणि लगेच जीभ चावली.

सूनबाईने चीर गेलेली बशी बाजूला ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "पहिली चूक माझी होती. त्याच दिवशी मान्य केली, सही न मागता. म्हणूनच तर ही करणार नाही. खरी चूक माझ्या नावावर आहे, तिच्या शेजारी खोटी ठेवायची नाही मला."

मी मध्ये तोंड घातलं. "सूनबाई, खोकं आहे ना अजून?"

ती माझ्याकडे बघून हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू. "खालच्या कप्प्यात. पण बाबा, ते बाहेर काढलं की सर विचारणार, फेकायला सांगितलं होतं त्याचं काय झालं. एका गुन्ह्यातून सुटायला दुसरा कबूल करायचा."

"तो तर खरा आहे ना?"

"तो शंभर टक्के खरा," ती म्हणाली. "त्याच्यावर आनंदाने सही करीन."

गुरुवारी बैठकीत मी अर्थातच नव्हतो. दुर्बीणताईने मला ते दोनदा सांगितलं आणि सूनबाईने एकदा. दुर्बीणताईच्या दुसऱ्या सांगण्यात फूटपट्टींचा चेहरा पहिल्यापेक्षा बराच जास्त पडला होता. मी सूनबाईचं धरून चालतो.

टेबलाभोवती सातआठ माणसं. फूटपट्टींनी विचारलं, "बाई, कागद?"

सूनबाईने कागद पुढे सरकवला. सहीच्या जागी काही नव्हतं. कागदावर तिने खोकं ठेवलं, वरून बर्फाची वाफ निघतेय असं.

"हे त्या दिवशीचं पाणी, सर. बारा बशा, बारा नळ्या. मी जेवू घातलं असेल तर जेवण यात सापडेल. दोन्ही पाणी गुलाबीच दिसतं, नुसतं बघून कळणार नाही. पण जेवणात प्रथिनं असतात आणि उपाशी पाण्यात नसतात. प्रथिनं ओळखायचा रंग आपल्या कपाटातच आहे. थेंब तुम्ही टाका."

तो रंग तपकिरी असतो. प्रथिनं भेटली की निळा होतो, आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

फूटपट्टी खोक्याकडे बघत होते. "हे मी फेकायला सांगितलं होतं."

"हो, सर."

"तुम्ही बरं म्हणालात."

"म्हणाले. फेकलं नाही."

कुणीतरी खोकलं. फूटपट्टींनी एक नळी उचलून उजेडात धरली. "आणि हे त्याच दिवशीचं आहे, नंतर भरलेलं नाही, हे मी कशावरून मानायचं? सही तुमची."

"दुसरी सही बघा, सर."

सगळ्यांच्या माना दुर्बीणताईकडे वळल्या. आता हिची गंमत अशी की हिची नोकरी कच्ची. दर वर्षी कागद नवा होतो आणि तो नवा करतात फूटपट्टी. अंधाऱ्या खोलीत बसून बसून ती उजेडात बोलायचीच विसरली असावी. ती मला म्हणाली, "काका, माझे पाय टेबलाखाली असे थरथरत होते की मला वाटलं आता माझ्याच पेशी बशीत घालतील." पण ती उभी राहिली. "सही माझी आहे, सर. प्रत्येक बशी हातात घेताना केली. वेळही मीच घातली. पाणी माझ्यासमोर काढलेलं आहे."

आणि खाली बसताना, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "गेली सहा वर्षं करतेय."

फूटपट्टींनी हातमोजे चढवले. एक गोष्ट त्यांची मानायला हवी. करायचं ठरवल्यावर अर्धवट करणार नाहीत. आधी ताजं जेवण घेतलं, रंगात थेंब टाकला. शाईसारखं निळं झालं. मग ताजं उपाशी पाणी. तपकिरीच राहिलं. मग मुलीच्या उपाशी बशीची पहिली नळी. तपकिरी. दुसरी. तपकिरी. तिसरी टाकली आणि सगळे पुढे वाकले. कडेला निळसर झाक होती. फार नाही, पण होती.

"हे बघा," फूटपट्टी म्हणाले.

दुर्बीणताई म्हणते, मला वाटलं संपलं. सूनबाई जागची हलली नाही. "सर, आता धडधाकट माणसाच्या उपाशी बशांचं पाणी बघा. ज्यांच्यात पन्नास ठिपके आले, ते."

त्यांनी तिन्ही नळ्यांतलं टाकलं. त्यातल्या एकात अगदी तशीच झाक, दुसऱ्यात थोडी जास्तच.

"चार तासांत चार पेशी मरतात, फुटतात, त्यांचा अंश पाण्यात उतरतो," ती म्हणाली. "झाक दोन्हीकडे आहे. शाई कुठेच नाही. मुलीच्या पेशींना मी जेवू घातलं असेल तर यांनाही घातलं, आणि मग यांच्यात पन्नास आले कुठून?"

सात नळ्या तपकिरी आणि एक निळी, टेबलावर ओळीत. फूटपट्टींनी त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ केल्या. मग म्हणाले, "म्हणजे त्या पेशी खरोखर उपाशी होत्या आणि त्यांनी काहीच केलं नाही."

"त्यांना करता येत नाही, सर. तोच निकाल आहे."

"हं." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "पण तुम्ही हे खोकं ठेवलंत कशासाठी?"

"गाडी अजून चालून आली नव्हती, सर."

ते त्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी वही ओढली, खिशातून पट्टी काढली, आणि स्वतःच्या लाल ओळीवर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, 'निकाल ग्राह्य,' सही, तारीख. छापील कागद उचलून ते फाडणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "तो माझ्याकडे राहू दे, सर. कोराच." तो कागद आता आमच्या त्याच घड्याळाच्या मागे खिळ्याला लावलेला आहे. मी कधीतरी काढून बघतो. सहीच्या जागेकडे बघायला मजा वाटते.

निकाल डॉक्टरांकडे गेला. तो हातात होता म्हणून त्यांना कुठे शोधायचं ते कळलं. मुलीच्या रक्ताची तपासणी झाली, आणि दोन महिन्यांनी उत्तर आलं. पिशव्या कशा विणायच्या याची जी सूचना पेशीत जन्मापासून लिहिलेली असते, तिच्यातलं एक अक्षर चुकीचं होतं. औषध आज नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. पण पायांसाठी व्यायाम कोणता, काय जपायचं, कशावर लक्ष ठेवायचं, हे ठरलं, आणि तीन ठिकाणची ताकदीची औषधं बंद झाली.

पुढच्या बुधवारी आई जिन्यात उभी होती. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं. तरी ती आली होती.

"ताई, एकच विचारते. पेशी उपाशी होत्या म्हणतात, आणि तरी त्यांनी आपला मोडका माल वापरला नाही. म्हणजे पोटात घातलेलं कमी पडलं म्हणून हे झालं नाही ना?"

"नाही."

"मी अजून दोन अंडी खायला घातली असती तर?"

"वीस खायला घातली असतीत तरी हेच झालं असतं. तुमच्या जेवणाचा यात काही दोष नाही."

आईने कठडा घट्ट धरला. मग म्हणाली, "लिहून द्याल?"

प्रयोगशाळा नातेवाइकांना कागद देत नाही. नियम आहे, भिंतीवर चौकटीत लावलेला आहे. सूनबाईने त्या बाईचा हात धरला, जिन्यातून आत आणली, चौकटीखालून नेली, आणि सरळ फूटपट्टींच्या दारात उभी केली.

"सर, यांना दोन ओळी लिहून हव्यात. आजार जन्माचा आहे, आईच्या खायला घालण्याशी याचा संबंध नाही, एवढंच."

"बाई, आपण असे कागद देत नाही."

"देत नव्हतो, सर."

फूटपट्टी त्या दोघींकडे बघत राहिले. आईच्या हाताला इस्त्रीचे चटके होते, जुने आणि नवे. त्यांनी खण उघडला, कोरा कागद घेतला, आधी पट्टीने समास आखला, आणि सुवाच्य अक्षरात तीन ओळी लिहिल्या. सही केली. शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत कागद स्वतःच हलवत बसले.

आईने तो उभ्याउभ्या वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग टेबलावर परत ठेवला.

"साहेब, असाच आणखी एक लिहा," ती म्हणाली. "एक माझ्याकडे राहील. दुसरा सासूबाई फाडतील, तो त्यांना फाडू दे."